मुठीएवढा फुफू

मूठ हे माप नाही, हे बादूसाहेबांनी सिस्टर फ्रेमांना तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं.

"फुफू खायचाच असेल तर मुठीएवढा," असं मधुमेहाच्या दवाखान्यातल्या या नर्सबाई म्हणाल्या होत्या. फुफू म्हणजे कसावा नावाचा कंद आणि कच्ची केळी कांडून केलेला मऊ गोळा. आता बघा, ज्या माणसानं चौतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढली, कुमासीच्या बाजारात जो शिरला की बायका बूड चेपलेली तांदळाची मापं पदराखाली लपवायच्या, त्याच्या तोंडावर 'मुठीएवढा' म्हणायचं म्हणजे जवळजवळ शिवीच झाली.

"कोणाची मूठ?" साहेबांनी विचारलं.

"तुमचीच, बाबा."

"आवळून की सैल?"

"बाबा, मागे अजून चाळीस जण बसलेत."

"अंगठा आत धरून की बाहेर?"

सिस्टरनी कागदावर शिक्का मारला आणि पुढचं नाव पुकारलं. साहेब घरी आले, बादली काठोकाठ भरली, मनगटापर्यंत मूठ बुडवली आणि सांडलेलं पाणी मोजलं. तीनशे ऐंशी मिलिलिटर. हा आकडा त्यांनी मोठ्या आनंदानं टोरांटोला बायकोला कळवला.

"तुमची मूठ मला चांगली माहीत आहे," सेर्वा फोनवर म्हणाली. "फुफू दिसला की ती वाढते. मी घरी येईपर्यंत फुफू बंद म्हणजे बंद."

आणि सेर्वा घरी कधी येणार? तिथंच तर घोडं पेंड खात होतं. ती गेली होती मुलीचं, गिफ्टीचं, बाळंतपण करायला. तीन महिन्यांसाठी. बाळाला न्हाऊ-माखू घालायचं, मुलीच्या पोटाला पट्टा बांधायचा आणि परत यायचं, असा बेत. जाताना विमानतळावर तिनं साहेबांना बजावलं होतं, "साखर सांभाळा. आकडा पंधराच्या वर गेला तर त्याच दिवशी मी विमानात बसेन, मग बाळ रडो नाही तर गिफ्टी रडो." या गोष्टीला आता चौदा महिने झाले होते. बाळ चालायला लागलं होतं.

इकडे साखर शे-दीडशेत नाही, सातात-आठात मोजतात. दहाच्या पुढे गेली की सिस्टर फ्रेमांच्या भुवया वर जातात, पंधराच्या पुढे गेली की त्या खुर्चीतून उठतात. सेर्वा गेली त्याच आठवड्यात बादूसाहेब मनाशी म्हणाले होते, आपण असा कारभार करून दाखवू की कोणाची भुवईसुद्धा हलता कामा नये. त्यांनी एक जाड वही आणली, पट्टीनं रकाने आखले. तारीख, पदार्थ, परिमाण, जेवणाआधीचा आकडा, जेवणानंतर दोन तासांचा आकडा आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, हा खात्याचा नियम.

मग सुरू झाली तपासणी. मक्याची गोड पेज आणि पाव, १३.२. साहेबांनी पेजेकडे लबाड दुकानदाराकडे बघावं तसं बघितलं. पांढरा भात पोटभर, १२.९. तोच भात निम्मा करून वर चवळीची उसळ, ९.६. उकडलेली कच्ची केळी, सोबत अळूच्या पानांची भाजी आणि सुका मासा, ८.४. भाजी आधी आणि केळी नंतर खाल्ली तर ८.१. जेवणानंतर चर्चपर्यंत चालून आलं तर ७.६. महिन्याभरात साहेबांना कळून चुकलं की साखरेला पदार्थ कळतो, परिमाण कळतं, खाण्याचा क्रमसुद्धा कळतो. अशी काटेकोर वस्तू आपल्याला नोकरीत असताना भेटायला हवी होती, असं त्यांना वाटून गेलं.

दर रविवारी ते वहीच्या पानाचा फोटो काढून सेर्वाला पाठवायचे. शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात एकच शब्द असायचा, 'समाधानकारक'. मग फोन यायचा.

"आकडे बघितले," ती म्हणायची.

"बरे आहेत ना?"

"छान आहेत."

"हं."

"हं."

एक्केचाळीस वर्षं संसार केलेली माणसं याहून जास्त काय बोलणार? निदान साहेबांना तरी जास्त काही सुचायचं नाही. फोन ठेवला की मात्र ते तासभर तसेच बसून राहायचे.

रविवार वाईट जायचा. आमचं आवार म्हणजे मधे मोकळं अंगण आणि चारी बाजूंनी भाडेकरूंच्या खोल्या. चर्च सुटलं की आमच्या आणि शेजारच्या आवारांतून उखळं धडधडायला लागायची. धप्प, धप्प, धप्प. कसावा आणि कच्ची केळी उकडून उखळात घालायची. एकानं उभं राहून उंच मुसळ हाणायचं आणि दुसऱ्यानं खाली बसून ओल्या हातानं गोळा उलटवायचा. मुसळ वर गेलं की हात आत, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. साहेब हाणायचे, सेर्वा उलटवायची. एक्केचाळीस वर्षांत तिच्या बोटाला एकदाही मुसळ लागलं नव्हतं, आणि त्यात ज्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं असायचं ते रविवारही आले. आता त्यांचं उखळ दाराशी पालथं पडलेलं होतं. साहेब खिडकी लावून घ्यायचे, पण तो आवाज भिंतीतूनही यायचा. खरं सांगायचं तर त्यांच्या जिभेला फुफूची जितकी आठवण येई, त्याहून जास्त त्यांच्या खांद्यांना त्या तालाची यायची.

अशात एक दिवस गिफ्टीचा फोन आला. "पपा, तुमचे आकडे बघून इथले डॉक्टरसुद्धा खूष झाले. मग आम्ही ठरवलंय, ममाला डिसेंबरपर्यंत ठेवून घेतो. तुमचं तिच्यावाचून किती छान चाललंय!"

साहेब म्हणाले, "उत्तम. समाधानकारक." फोन ठेवला आणि पुढ्यातली उसळ न खाताच उठले.

ही गोष्ट अंगणात पसरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. समोरच्या खोलीतल्या शिवणकाम करणाऱ्या पोकुआबाई मशीन सोडून बाहेर आल्या.

"मामा, चुकलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "इतकं चांगलं कोणी वागतं का? बायको दूर असताना माणसानं थोडं आजारी दिसायला हवं. माझा नवरा असता तर पहिल्याच आठवड्यात अंथरूण धरून बसला असता."

टॅक्सीवाला येबोआ गाडी धूत होता. तो म्हणाला, "वही तुमच्याच हातात आहे ना, मामा? लिहा की सोळा. कोण बघतंय?"

साहेब ताडकन उठून उभे राहिले. "येबोआ, चौतीस वर्षांत मी एका तोळ्याचाही खोटा आकडा लिहिला नाही. सोळा लिहायचे तर सोळा यायला हवेत."

"मग खा फुफू," येबोआ म्हणाला.

तो सहज बोलून गेला, पण साहेबांच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. मोठा गोळा फुफू, दोन तास वाट बघायची, आकडा पंधराच्या वर, फोटो टोरांटोला, आणि सेर्वा विमानात. सगळं नियमात बसत होतं, खोटं कुठंच नव्हतं. स्वतःशी बोलताना त्यांनी या उद्योगाला 'विशेष तपासणी' असं नाव दिलं.

पण अडचण निघाली पट्ट्यांची. साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या इकडे मिळेनात, गिफ्टी टोरांटोहून पाठवायची. या खेपेचं पार्सल टपाल कचेरीत अडकलं होतं. साहेब गेले. खिडकीतल्या बाईंनी मधुमेह असल्याचं पत्र मागितलं. ते आणलं तर त्यावर गोल शिक्का हवा म्हणाल्या. दवाखान्यात शिक्का चौकोनी. साहेब पुन्हा दवाखान्यात गेले तर गोल शिक्का ज्यांच्या कुलपात त्या बाई रजेवर. तिसऱ्या फेरीत सगळं जमलं, पार्सल काट्यावर ठेवलं गेलं, सही करायला पेनही हातात आलं आणि नेमकी त्याच वेळी साहेबांची नजर काट्याच्या खालच्या शिक्क्यावर गेली.

"बाई, या काट्याची तपासणी होऊन दोन वर्षं उलटलीत," ते म्हणाले. म्हणजे त्यांना म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

बाईंनी काट्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि पार्सल परत आत ठेवलं. "मग हे वजन ग्राह्य नाही. काटा तपासून आला की या."

"किती दिवस लागतील?"

"ते तुमचंच खातं सांगू शकेल, बाबा."

रांगेतले लोक हसले. साहेब मान ताठ ठेवून बाहेर आले, पण कोपऱ्यापर्यंतच. घरी येऊन त्यांनी डबी उघडली. शिल्लक पट्ट्या तीन. जेवणाआधी एक, नंतर एक, आणि एक अडीअडचणीला. म्हणजे विशेष तपासणी एकदाच होणार होती. फसली तर डिसेंबर.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. येबोआचं म्हणणं, "फुफूनं साखर वाढेल असं मला वाटत नाही, मामा. आपण तो चावतो का? गिळतो. चावलं की साखर सुटते. गिळल्यावर तिला कळणार कसं?" साहेबांना क्षणभर खरंच धाकधूक वाटली. चर्चमध्ये बायबल शिकवणारे इझिकिएल गुरुजी कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. त्यांनी कडुनिंबाचा काढा पाठवला आणि निरोप धाडला की यंत्र घेऊन या, प्रार्थना करून देतो. पोकुआबाईंनी भेंडीचं पाणी आणलं. सगळेजण आकडा खाली आणायच्या मागे लागलेले. वर न्यायला एकही माणूस मदतीला नव्हता. साहेबांनी काढा आणि भेंडीचं पाणी गुपचूप केळीच्या बुंध्याशी ओतलं.

रविवार उजाडला. साहेबांनी उखळ सरळ केलं, धुतलं. येबोआनं मुसळ घेतलं. उलटवायला पोकुआबाई बसल्या. त्या इतक्या चटकन तयार झाल्या की साहेबांना तेव्हाच संशय यायला हवा होता, पण उखळाचा वास नाकात गेला होता, संशयाला जागा कुठली? धप्प, धप्प. साहेब पडवीत बसून बघत होते. येबोआ घाईत हाणत होता, पोकुआबाई "ए, माझी बोटं!" म्हणून दर दहा ठोक्यांना थांबत होत्या. साहेबांचे खांदे आपोआप हलत होते. हे असं नसतं, त्यांना सांगावंसं वाटलं, हे असं अजिबात नसतं.

जेवणाआधीचा आकडा ६.४. समोर मोठं मातीचं भांडं आलं. त्यात डोक्याएवढा फुफू, भोवती बकऱ्याच्या मटणाचा लालभडक रस्सा. चौदा महिन्यांनी. साहेबांचे डोळे पाणावले, आणि ते मिरचीनं नव्हतं, कारण अजून त्यांनी बोटही बुडवलं नव्हतं.

आता खोलीत दार लावून जेवले असते तर काही प्रश्न नव्हता. पण दार लावून फुफू खाणाऱ्याला आमच्याकडे नावं ठेवतात. जेवायचं ते अंगणात, आणि समोरून कोणी गेलं की म्हणायचं, "या जेवायला." तसं समोरच्यानंही म्हणायचं असतं, "माझा हात तुमच्या भांड्यातच आहे हो," आणि पुढे चालू पडायचं. बोलावणाऱ्याचा मान राहतो, भांडंही शाबूत राहतं. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय.

साहेबांनी पहिला घास मोडला तोच इझिकिएल गुरुजी समोरून आले.

"या गुरुजी, जेवायला."

"आलोच," गुरुजी म्हणाले आणि तांब्यातलं पाणी हातावर घेऊन बसले.

साहेब बघतच राहिले. गुरुजींचा घास म्हणजे साहेबांचे तीन. इतक्यात येबोआ आला. ज्यानं मुसळ हाणलं त्याला बोलवायचं नाही? "ये येबोआ, जेवायला." येबोआ बसला. मग पोकुआबाई. मग पोकुआबाईंची बहीण, जी साहेबांच्या माहितीप्रमाणे दुसऱ्या गावात राहायची. साहेब दर वेळी "या जेवायला" म्हणत होते, दर वेळी मनात म्हणत होते की नाही म्हणा रे, एकदा तरी नाही म्हणा, आणि दर वेळी एक नवा हात भांड्यात येत होता. पाहुण्यांत घाई करणं बरं दिसत नाही, म्हणून ते बिचारे रस्साच पीत बसले. मटण आणि रश्शातली भाजी सगळ्यांनी त्यांच्याकडेच सारली. "तुम्ही घ्या मामा, तुम्ही घ्या." शेवटी सगळ्यांनी एकदम हात काढले. भांड्यात फुफूचा एक गोळा उरला होता. साहेबांनी तो उचलला. अनुभवी हाताला वजन लगेच कळतं. त्यांची मूठ, आवळून, अंगठा बाहेर.

त्यांनी तो गिळला आणि उठून चालायला लागले. रागानं चर्चपर्यंत गेले, तिथून बाजाराच्या चौकापर्यंत गेले, आणि राग उतरला नाही म्हणून पुन्हा एक फेरी मारून परत आले. दोन तास झाले होते. दुसरी पट्टी. सगळं अंगण यंत्रावर वाकलं.

७.१.

जेवणानंतरचा, चौदा महिन्यांतला सर्वांत चांगला आकडा. येबोआनं टाळी वाजवली. "बघा, गिळलेलं साखरेला कळत नाही!"

"तुम्ही का केलंत असं?" साहेबांनी पोकुआबाईंना विचारलं. आवाज इतका बारीक होता की येबोआची टाळी हवेतच राहिली.

पोकुआबाई ओशाळल्या. "मामा, सेर्वाताईचा मला दर शनिवारी फोन असतो. तुमचा फुफू बंद केला त्याच आठवड्यात तिनं सांगून ठेवलं होतं. म्हणाली, एक ना एक दिवस हे उखळ सरळ करतील. अडवू नका, मान जातो त्यांचा. ते 'या जेवायला' म्हटल्यावाचून राहणार नाहीत. सगळ्यांनी बसा, आणि मुठीएवढा उरेपर्यंत उठू नका."

साहेब खोलीत गेले. वही उघडली. साडेआठ हजार किलोमीटरवरून या बाईनं त्यांचा घास मोजला होता, आणि बरोबर मोजला होता. त्यांनी आकडा लिहिला. शेऱ्याच्या रकान्याशी पेन अडलं. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं आजवर कधी लिहिलं नव्हतं. मग त्यांनी सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं:

'असमाधानकारक. फुफू मुद्दाम खाल्ला. आकडा पंधराच्या वर जावा, हा हेतू. आकडा वाढला की सेर्वा घरी येईल, म्हणून. हेतू सफल झाला नाही.'

फोटो काढला आणि धीर जायच्या आत पाठवून दिला.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"उखळाशी कोण बसलं होतं?" सेर्वानं विचारलं.

"पोकुआ."

"जमलं तिला?"

पोकुआबाई दारातच उभ्या होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, पण सवय ती सवय. "गाठी होत्या," ते म्हणाले. पोकुआबाईंनी कपाळावर हात मारला.

"इथं डब्यातलं पीठ मिळतं," सेर्वा म्हणाली. "गिफ्टी पातेल्यात उलथन्यानं ढवळते. आवाजच येत नाही हो त्याचा. रविवारी कान नुसते वाट बघत बसतात."

"सेर्वा, घरी ये गं. साखरेसाठी नको. माझ्यासाठी ये. मला करमत नाही."

पलीकडे ती रडत होती की हसत होती, त्यांना कळेना. "एवढं म्हणायला चौदा महिने लागले तुम्हाला? मी पहिल्या आठवड्यापासून थांबले होते. तुम्ही आपले आकडे पाठवत होतात. दर रविवारी पान उघडायची, शेवटचा रकाना बघायची, आणि तिथं 'समाधानकारक'. मला वाटलं, खरंच माझ्यावाचून समाधानकारक चाललंय."

साहेब वहीवरून बोट फिरवत राहिले, पान मागे, अजून मागे. साठ पानांवर तोच शब्द, पट्टीनं आखलेल्या रकान्यात.

"चौदा तारखेचं विमान बघते," सेर्वा म्हणाली. "गिफ्टी रडेल थोडी. आणि ऐका, तोवर ते उखळ पालथं घाला. परत कोणाचा हात त्यात गेला तर बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तिसरी पट्टी वापरली. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आकडा आला ९.८. त्यांनी यंत्र हलवून बघितलं, मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. येबोआ म्हणाला भेंडीचं पाणी प्या, गुरुजी म्हणाले प्रार्थना करू. साहेबांनी कोणाचंच ऐकलं नाही. त्यांनी वही घेतली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'न खाता वाढली. कारण माहीत आहे. कारण चौदा तारखेला येत आहे.'